उजवा दोन

टीव्हीच्या पडद्यावर गाडी दरीत उलटी पडली होती आणि तिची चाकं अजून हवेत फिरत होती.

“तू डावा म्हणालीस,” सर्जेकाका म्हणाले.

मी हातातल्या कागदाकडं पाहिलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: साठ, उडी, उजवा दोन.

“चुकलं असेल माझं,” मी म्हणाले. “परत वाचते.”

“हुतंय गं. नवीन हायस तू.” त्यांनी टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग हलवून सारखं केलं आणि हसले. “बापाचा गुण हाय तो. असा जायचा न्हाई.”

ते कुजकेपणानं बोलले नव्हते. माझ्या वडिलांबद्दल ते नेहमी असंच बोलायचे, धाकट्या भावाच्या खोड्या सांगाव्यात तसं. पण माझे कान तापले. हे वाक्य मी वयाच्या पंधराव्या वर्षापासून वेगवेगळ्या तोंडांतून ऐकत आले होते.

ही दोन हजार आठ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि कोल्हापुरातल्या एका दैनिकाच्या शुक्रवारच्या पुरवणीत नोकरी करत होते. मोबाइल, कॅमेरे, कॉम्प्युटरचे खेळ असं जे काही नवीन बाजारात येई, ते वापरून बघायचं आणि चांगलं की वाईट ते लिहायचं, हे माझं काम. त्या आठवड्यात टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावरचा मोटार रॅलीचा एक नवा गेम आला होता. त्यासोबत खरंखुरं वाटणारं स्टिअरिंगही होतं. आमचे संपादक इंगवले सर खूश झाले.

“तू नुसतं खेळून लिहू नकोस,” ते म्हणाले. “आपल्या गावात खरा रॅली ड्रायव्हर आहे ना, उद्यमनगरातले सर्जेराव निंबाळकर? त्यांना खेळायला लाव. खऱ्या गाडीत आणि ह्यात काय फरक आहे, ते त्यांच्या तोंडून येऊ दे. तुमचा तर घरोबा आहे म्हणे.”

घरोबा होता, पण तो मी ठेवलेला नव्हता.

माझे वडील, प्रभाकर हेरवाडे, आमचे अण्णा, मोजणी खात्यात होते. आठवडाभर लोकांच्या शेताच्या हद्दी मोजायच्या आणि रविवार आला की सर्जेकाकांच्या गाडीत डाव्या बाजूला बसायचं. रॅलीत ड्रायव्हरला पुढचा रस्ता माहीत नसतो. शेजारी बसलेला नॅव्हिगेटर आधी करून ठेवलेल्या वहीतून तो वाचून दाखवतो. शंभर मीटर सरळ, मग डावं वळण, मग चढ, मग उडी. प्रत्येक वळणाला आकडा असतो. एक म्हणजे पार उलटं फिरवणारं वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळच. ड्रायव्हरनं डोळे रस्त्यावर ठेवायचे आणि कान नॅव्हिगेटरकडं. विश्वास बसला नाही तर खेळच संपला. हे दोघं सहा वर्षं एकत्र धावले. त्यांनी तीन ढाली जिंकल्या.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत राधानगरीच्या बाजूच्या जंगलात त्यांची गाडी एका उडीनंतर उजवीकडं वळायच्या ऐवजी डावीकडं गेली आणि नाल्यात कोसळली. डावी बाजू झाडावर आपटली. अण्णा जागच्या जागी गेले. सर्जेकाकांचा मणका मोडला; कमरेखालचं शरीर कायमचं गेलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, “पर्भाकर डावा म्हणाला.” गाडीतून वही निघाली, त्यात उजवा लिहिलेलं होतं. म्हणजे वहीत बरोबर आणि तोंडानं चूक. गावानं निकाल देऊन टाकला. मोजणीचा माणूस, लोकांच्या जमिनी मोजणारा, आणि ह्याला डावं-उजवं कळेना! शाळेत कवायतीच्या तासाला ‘दाहिने मूड’ झालं की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, “हेरवाडे, तुझं उजवं कुठलं गं?”

आईनं भिंतीवर अण्णांचा फोटो लावला नाही. आणि दर गुरुवारी ती डबा घेऊन उद्यमनगरात जायला लागली. दोडक्याची भाजी, भाकरी, कधी शेंगापोळी. सर्जेकाकांची बायको, मालनकाकू, काही स्वयंपाकाला कमी नव्हती. पण आई जायचीच. निघताना दरवेळी पलंगाजवळ उभं राहून म्हणायची, “भाऊजी, ह्यांच्या चुकीची शिक्षा तुम्हाला झाली.” आणि ते म्हणायचे, “असू दे वहिनी. माणूस हाय. चुकतंय.” एकदोनदा मी सोबत गेले, ते ऐकलं आणि नंतर जाणं सोडलं.

त्यामुळं इंगवले सरांचं काम मी आईला भीतभीतच सांगितलं. ती मग म्हणाली, “त्यांना झेपेल का गं गाडी बघून?”

“खेळच आहे आई.”

“बघ बाई. त्यांनी हो म्हटलं तर जा.”

त्यांनी हो म्हटलं. नुसतं हो नाही. मी यंत्र घेऊन गेले तेव्हा ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून चाकाच्या खुर्चीत बसले होते. घर गॅरेजच्या मागंच होतं. गॅरेज आता त्यांचा मेहुणा चालवायचा, पण एखाद्या गाडीचा आवाज आत आला की काका बोलता बोलता थांबायचे आणि म्हणायचे, “टॅपेट वाजतंय.”

पायानं दाबायचे ॲक्सिलरेटर आणि ब्रेक त्यांच्या उपयोगाचे नव्हते. स्टिअरिंगच्या मागं बोटांनी ओढायच्या दोन पट्ट्या होत्या. मी सेटिंग बदलून उजव्या पट्टीवर वेग आणि डाव्या पट्टीवर ब्रेक घेतला. पहिली दहा मिनिटं गाडी दर वळणाला झाडावर जात होती. मग त्यांच्या बोटांना ते समजलं. नऊ वर्षांनी त्यांच्या हातात गाडी आली होती. मालनकाकू दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

“नाक बघ, नाक!” ते ओरडले. “ब्रेक मारला की नाक खाली जातंय. हे बरोबर केलंय लेकांनी.” मग मुरमाचा रस्ता आला. “हे चूक. मुरमावर गाडी आधी शेपूट हलवती, मग घसरती. ही एकदम घसरती. लिही.” मी लिहीत होते. टेबलावर माझा छोटा रेकॉर्डरही चालू होता, कारण त्यांचं बोलणं वहीत मावत नव्हतं. “आवाज बरा हाय. पण धूळ नाकात जात न्हाई, पेट्रोलचा वास न्हाई. वास नसला तर भ्या वाटत न्हाई. हेही लिही.”

गेममध्ये नॅव्हिगेटरही होता. एक बाई इंग्रजीत भराभर वळणं सांगायची.

“ही काय बडबडती कळंना. हिला गप्प कर,” काका म्हणाले. “तूच वाच की. पर्भाकरची पोरगी न्हवं तू?”

मग मी तो रस्ता एकदा हळू चालवून बघितला आणि कागदावर मराठीत लिहून काढला, अण्णांची वही पाहिलेली होती तशीच. आणि वाचायला लागले. काकांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला सांगता येणार नाही. माझा आवाज आणि त्यांचे हात ह्यांच्यात काहीतरी जुळलं. “चाळीस, डावा चार. ऐंशी, उजवा पाच, लांब.” गाडी पाण्यासारखी वाहत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा अण्णांच्या जागेवर बसले होते आणि मला ते आवडलं.

मग ती उडी आली आणि गाडी दरीत गेली. एकदा नाही. त्या दुपारी तीनदा. तिन्ही वेळा ते म्हणाले, “तू डावा म्हणालीस,” आणि तिन्ही वेळा मी चूक कबूल केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी परीक्षण लिहायला बसले. काकांची वाक्यं उतरवून घ्यायची म्हणून रेकॉर्डर लावला. आई आत भाजी निवडत होती. आवाज ऐकत ऐकत मी त्या उडीपर्यंत आले.

“साठ, उडी, उजवा दोन,” माझा आवाज म्हणाला. मग गाडी आपटल्याचा आवाज. मग काका: “तू डावा म्हणालीस.” मग मी: “चुकलं असेल माझं.”

मी मागं नेऊन परत लावलं. उजवा. दुसऱ्या वेळचं लावलं. उजवा. तिसऱ्या वेळी तर मी जरा ओरडूनच म्हटलं होतं. उजवा.

पहिल्यांदा मला वाटलं ते एवढंच, की मी चुकले नव्हते. मग हळूहळू पुढचं डोक्यात शिरलं: अण्णाही चुकले नसतील. मी आईला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आधी त्यांना ऐकवायचं, मग आईला. रिक्षात बसल्यावर मला हसू येत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण मी त्या दिवशी रिक्षात हसत होते.

काकांनी ते एकदा ऐकलं.

“यंत्रात काय बिघाड असंल.”

“नाही काका.”

“परत लाव.”

मी परत लावलं. ते खिडकीकडं बघत होते. मग म्हणाले, “तो टीव्ही चालू कर. तुझं ते रेकॉर्डचंही चालू ठेव. आणि वाच. दहादा वाच.”

दहा वेळा आम्ही तो रस्ता पळवला. उडीच्या आधीचं एकही वळण ते चुकले नाहीत. उडीनंतर चार वेळा गाडी डावीकडं गेली. पहिल्या दोन वेळा ते म्हणाले, “डावा म्हणालीस,” आणि मी न बोलता त्यांना रेकॉर्डर ऐकवला. तिसऱ्या वेळी त्यांनी फक्त रेकॉर्डरसाठी हात पुढं केला. चौथ्या वेळी हातही केला नाही.

“पुरे,” ते म्हणाले.

बराच वेळ गॅरेजमधून ग्राइंडरचा आवाज येत राहिला.

“हात आधी वळतात,” ते म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. “गाडी हवेत गेली की हात आधी वळतात, आणि कान मागनं ऐकतोय. हातानं केलं तेच कानाला ऐकू येतंय.” मग माझ्याकडं वळले. “मी खोटं बोललो न्हाई पोरी. दवाखान्यात पोलीस आला तवा मी जे ऐकलं तेच सांगितलं. आत्ता जसं ऐकलं तसं.”

“माहीत आहे मला.”

“त्याच्या मातीला मला जाता आलं न्हाई. पण मनात म्हणलं हुतं, जा लेका, माफ केलं तुला.” त्यांनी स्टिअरिंग सोडलं. “मी त्याला माफ केलं हुतं गं. मी.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो ठेवू दिला, पण हात लाकडासारखा होता.

“छापणार हायस?”

“नाही.”

“वहिनींस्नी सांगितलंस?”

“अजून नाही. आज सांगते.”

“तू नको. मी सांगतो. मी येतो.”

रविवारी सकाळी ते आले. आम्ही पहिल्या मजल्यावर राहत होतो. मेहुणा आणि गॅरेजमधला एक मेकॅनिक अशा दोघांनी खुर्चीसकट त्यांना वर आणलं आणि ते खाली जाऊन थांबले. नऊ वर्षांत काका आमच्या घरी पहिल्यांदाच आले होते. आई गडबडली. पाणी आणलं, पंखा लावला, पुन्हा पाणी आणलं.

“वहिनी, बसा,” ते म्हणाले. “पर्भाकर बरोबर म्हणाला हुता. मी चुकलो.”

आई बसली नाही. “कशावरनं म्हणता?”

“ह्या पोरीनं दाखवलं.”

आईनं माझ्याकडं बघितलं. मी त्या नजरेची वाट बघत होते. मला वाटलं होतं तिच्या डोळ्यांत पाणी येईल, ती मला जवळ घेईल. तसलं काही नव्हतं. मी लहान असताना गरम तव्याला हात लावायला गेले की ती जशी बघायची, तशी ती बघत होती.

काकांनी सगळं सांगितलं. न थांबता, एकही गोष्ट न लपवता. आई ऐकत राहिली आणि ते थांबल्यावर चक्क हसली.

“अहो भाऊजी, खेळण्यातल्या गाडीवरनं काय ठरवता? तो पोरासोरांचा खेळ. आणि आता तुमचं वय झालं, सवय राहिली नाही, म्हणून हात चुकतो. तेव्हा तुम्ही असे होता का? तीन ढाली उगीच मिळाल्या?”

“वहिनी—”

“चूक ह्यांचीच होती. मला नाही ठाऊक? हे घरीसुद्धा चुकायचे. डावीकडं बघा म्हटलं की उजवीकडं बघायचे.”

“आई!” माझ्या तोंडून निघून गेलं. “अण्णा कधी असं—”

“तू गप्प बस.”

असं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. काकांनी तिच्याकडं खूप वेळ बघितलं.

“वहिनी,” ते म्हणाले, “तुम्हांला खोटं बोलायला येत न्हाई.”

“चहा टाकते,” आई म्हणाली आणि आत गेली.

चहा आला तेव्हा त्यांनी खालच्या माणसांना हाक मारलेली होती. खुर्ची जिन्याच्या वळणावर जराशी अडकली. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरून स्वतःला सोडवलं आणि वर बघितलं नाही. त्यांचा कप तसाच राहिला. आईनं तो मोरीत ओतला आणि घासायला घेतला. घासून झाल्यावरही ती तो घासतच राहिली. मी जवळ जाऊन म्हटलं, “तू असं का बोललीस?” ती म्हणाली, “भांडी पुसून ठेव.”

परीक्षण मी दिलं. साडेचारशे शब्द. गाडीचं वागणं बरंचसं खरं, मुरमावर मात्र फसवं, आवाज उत्तम, पाचापैकी साडेतीन तारे. इंगवले सर म्हणाले, “निंबाळकरांचं अजून थोडं हवं होतं. ते भावुक वगैरे झाले नाहीत का?” मी म्हटलं, नाही.

यंत्र परत करायचं होतं म्हणून आणायला गेले. काका आतल्या खोलीत पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडले होते. “काका,” मी म्हटलं. ते हलले नाहीत. मालनकाकूनं वायरी गुंडाळून, सगळं नीट खोक्यात भरून ठेवलं होतं. खोकं माझ्या हातात देताना ती दाराबाहेर आली आणि हळू आवाजात म्हणाली, “तीन दिवस झालं, भाकरीचा तुकडा मोडला न्हाई. सुनेत्रा, तुला काय मिळालं गं हे करून?”

मी म्हणाले, “काकू, माझ्या वडिलांचं नाव—” ती माझ्याकडं रागानं बघत असती तर मला पुढं बोलता आलं असतं.

आई पुढच्या गुरुवारी गेली. डबा तसाच परत आला. त्याच्या पुढच्याही गुरुवारी तसंच. काकांनी मालनकाकूला निरोप द्यायला सांगितला होता, वहिनींना म्हणावं, तुमच्या हातचं आता घशाखाली उतरत नाही. तरी आई जात राहिली. काका भिंतीकडं तोंड करायचे, ती पायाशी अर्धा तास बसायची आणि उठून यायची. चालणारा माणूस घर सोडून जाऊ शकतो, दारू पिऊ शकतो. काकांना तेवढंही करता येत नव्हतं. त्यांनी खुर्चीत बसणं सोडलं. गॅरेजकडची खिडकी लावून घेतली. मग पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या, आणि दवाखान्यात ने-आण सुरू झाली. रॅली भरवणाऱ्या मोटर क्लबच्या मंडळींना त्यांनी म्हणे फोन करून सगळं सांगितलं. मंडळी म्हणाली, “सर्जेराव, झालं गेलं. आता कशाला?” कुणालाच ते नको होतं. पुढच्या वर्षी जूनमध्ये ते गेले.

त्यांच्या रक्षाविसर्जनाहून आम्ही दोघी घरी आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आंघोळी झाल्या. आईनं भात लावला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. चौदा महिने आम्ही त्या विषयावर एक शब्द बोललो नव्हतो. मी पाटावर बसले होते.

“हे घरी वाचायचे बघ,” ती एकाएकी म्हणाली. “रॅलीच्या आधी, रजेच्या दिवशी. तू शाळेत असायचीस. मला घड्याळ धरायला लावायचे आणि अख्खी वही मोठ्यानं वाचायचे. एकदाही चुकले नाहीत.”

मी पाटावरून उठले.

“उडी आली की मात्र पुढचं वळण दोनदा म्हणायचे. उजवा दोन, उजवा दोन. मी एकदा विचारलं, हे दोनदा कशाला? म्हणाले, सर्जाला लागतं. उडीनंतर त्याचा हात उलटा फिरतो. त्याला सांगू नकोस, म्हणाले, घाबरेल. घाबरलेला माणूस गाडी चालवू शकत नाही.”

कुकरची शिटी झाली. तिनं गॅस बारीक केला.

“म्हणजे तुला माहीत होतं,” मी म्हणाले. “पहिल्या दिवसापासून.”

“दवाखान्यात गेले तेव्हा कळलं. भाऊजी पडून होते, पाय गेलेले, आणि मला म्हणाले, वहिनी, पर्भाकर डावा म्हणाला. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. तेवढं एक वाक्य धरून ते जगत होते गं. ते काढून घेतलं असतं तर काय राहिलं असतं? हे तर गेलेच होते. गेलेल्या माणसाला कसली बदनामी? म्हटलं, ह्यांनीही हेच केलं असतं. म्हणून दर गुरुवारी जाऊन सांगत होते, चूक ह्यांचीच. त्यांच्या मनात कधी शंका येऊ नये म्हणून.”

“आणि फोटो?”

“फोटो लावला असता तर रोज ह्यांच्या तोंडाकडं बघून हे खोटं बोलता आलं नसतं.”

माझ्या डोक्यात सगळी वर्षं एकदम आली. शाळेचं पटांगण, कवायत, मागून येणारे ते आवाज. ज्या बापाची मी लाज धरली, तो बाप.

“मला तरी सांगायचंस,” मी म्हणाले. मला रडू आवरत नव्हतं. “मी तुझी मुलगी होते. मला एकटीला सांगितलं असतंस तर काय झालं असतं?”

आईनं कुकर उतरवला. फडक्याला हात पुसले. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

“तू जाऊन त्यांना सांगितलं असतंस,” ती म्हणाली.